तीनदा विचारणारं मशीन

अंबिका दिघेला बुडापेस्टला जायचं होतं ते तिथल्या गरम पाण्याच्या हौदात उभं राहून बुद्धिबळ खेळायला. मुलीला भेटायला जातेय, असं घरादारात सगळे धरून चालले होते, आणि अंबिकानं ते कुणाला दुरुस्त करून सांगितलं नव्हतं.

मुलगी तिथे होती, हे खरंच. मिताली तिथल्या विद्यापीठात संशोधन करायची. तिनं मागच्या हिवाळ्यात एक फोटो पाठवला होता. हौदातून वाफा निघताहेत, आणि दोन म्हातारे छातीपर्यंत पाण्यात उभे राहून दगडी पटावर मोहरी सरकवताहेत. अंबिकानं फोटो मोठा करून पट नीट पाहिला. काळ्याची बाजू पडती होती आणि काळ्याला ते कळलेलं नव्हतं. शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेल्या बाईला अशी स्थिती अर्धवट सोडून देता येत नाही. तेव्हापासून तिनं मनात एक चित्र पक्कं केलं: आपण त्या पाण्यात उभ्या आहोत, समोर एक अनोळखी म्हातारा आहे, आणि मागून कुणीही "चल आता, किती वेळ" असं म्हणत नाहीये.

मागून तसं म्हणणारा माणूस म्हणजे तिचा नवरा देवेंद्र. वीज मंडळातून निवृत्त झालेला, एका गुडघ्याला पट्टा बांधणारा, आणि कुठेही गेलं की पहिल्यांदा बसायला जागा शोधणारा. मितालीनं फोनवर त्यालाही विचारलं होतं, "बाबा, तुम्ही येता का?" तो म्हणाला, "छे गं, माझा गुडघा." मितालीनं बरं म्हटलं आणि आईचं एकटीचं तिकीट पाठवून दिलं. त्या दिवसापासून देवेंद्र जरा कमी बोलायला लागला होता आणि प्रवासातल्या खोडी मात्र जास्त काढायला लागला होता.

सगळ्यात मोठी खोडी त्याला पैशाच्या मशीनमध्ये सापडली.

झालं असं की मितालीला ऐनवेळी दुसऱ्या गावी परिषदेला जावं लागणार होतं. पहिले काही दिवस आई एकटीच असणार होती. घराची किल्ली शेजारीण देणार होती. बाकी सगळीकडे कार्ड चालतं, पण बाजारातल्या फळवाल्या आजी आणि स्वच्छतागृहाबाहेर बसणाऱ्या बाई रोख मागतात. तेव्हा मशीनमधून थोडे तिथले पैसे काढून घे, असं मितालीनं सांगितलं आणि कसे काढायचे तेही सांगितलं. स्टेशनवर आणि बाजारात एकटीच उभी असलेली रंगीत मशीनं टाळायची, बँकेच्या भिंतीतलं शोधायचं. आपली बँक दर खेपेला ठरावीक शुल्क कापते, म्हणून सारखे थोडे थोडे काढायचे नाहीत, लागतील तेवढे एकदाच काढायचे. आणि शेवटी ते मशीन फार गोड होऊन विचारेल, तुमच्यासाठी रुपयांत हिशेब करून देऊ का? तिथे नाही म्हणायचं. हो म्हटलं की ते आपल्या मनाचा भाव लावतं आणि चांगला लचका तोडतं. नाही म्हटलं की हिशेब आपली बँक करते, तो बराच बरा पडतो.

"आणि आई, एकदा नाही म्हणून ते ऐकेलच असं नाही," मिताली म्हणाली. "शब्द बदलून पुन्हा विचारेल. तू तिथेच फसशील."

फोन स्पीकरवर होता. देवेंद्र पेपरमागून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"ही मना करेल? ही?"

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. अंबिकाला नाही म्हणता येत नसे. दारावर आलेल्या मुलांनी पाण्याचं फिल्टर दाखवलं की ते घरात यायचं. स्वयंपाकघरात एक चालू होतं आणि माळ्यावर बाकीची. ती बगीच्यातल्या हास्य क्लबची सभासद होती, तिथे जाऊन गंभीर चेहऱ्यानं उभी राहायची. आणि रोज संध्याकाळी ती देवेंद्रशी बुद्धिबळ खेळायची, तेव्हा तो हरायला आला की पट ढकलत म्हणायचा, "बरोबरी करू या?" ती बरं म्हणायची. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण तिनं नवऱ्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. तो तिच्याहून बराच कच्चा होता.

देवेंद्रनं अट घातली. माझ्यासमोर मशीनला नाही म्हणून दाखव, मग एकटी जा. नाही जमलं तर मीही तिकीट काढतो आणि शेजारी उभा राहून बटण दाबतो. मितालीलाही काळजी होतीच, तिनं अट मान्य करून टाकली. अंबिकाला विचारलं तेव्हा ती अर्थातच बरं म्हणाली.

तिचा धाकटा दीर शाम त्याच गल्लीत, अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या बाजूला राहायचा. बँकेतून निवृत्त होऊन त्याला वर्ष झालं होतं आणि कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून तो वाट पाहत असे. तो दुसऱ्याच दिवशी सुरी घेऊन आला. त्याच्याकडे नव्या फ्रिजचं खोकं होतं. ते त्यानं व्हरांड्यात उभं केलं, चेहऱ्याच्या उंचीला एक खिडकी कापली, खाली नोटा यायला एक फट ठेवली आणि आत स्टूल टाकून बसला. नोटा म्हणून त्यानं घरात साठलेल्या लग्नपत्रिका कापून आणल्या होत्या.

अंबिका खोक्यासमोर उभी राहिली. एक जुनं लायब्ररीचं कार्ड तिनं आत सरकवलं.

"नमस्कार," खोकं म्हणालं. "वहिनी, तुमच्यासाठी रुपयांत हिशेब करून देऊ?"

"नको."

"अहो, आपलेच रुपये. तुम्हाला कशाला त्या परक्या नोटांची झंझट?"

"नको, खरंच नको."

"इतक्या लांबून आलात. मतलब, आमचं मन राखायला तरी घ्या ना थोडं."

"बरं," अंबिका म्हणाली. "थोडंसं."

देवेंद्रनं खुर्चीत पाय लांब केले. पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. शामचं म्हणणं पडलं की वहिनींचं लक्ष नाही. त्यावर अंबिकानं शांतपणे त्याला खोक्यातून बाहेर बोलावलं, स्वतः आत जाऊन बसली आणि त्याला विचारलं. त्यानं पहिल्यांदा छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा हात जोडून नाही म्हटलं. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून "चला, तुम्ही म्हणताय तर" असं निघालं आणि मग तो स्वतःच गप्प झाला. सारं आयुष्य बँकेत गेलेला माणूस होता तो.

वरच्या मजल्यावरची सुरभी हे गॅलरीतून पाहत होती. ती पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. ती खाली आली, तिनंही करून पाहिलं, आणि तिसऱ्या विचारण्याला तीही हो म्हणाली. मग तिला उत्सुकता वाटायला लागली. तिनं गल्लीतली माणसं एकेक करून खोक्यासमोर उभी केली. दूधवाला आला, शिकवणीची दोन पोरं आली, घरोघरी पोळ्या लाटणारी बेबी मावशी आली. कुणाला हिंदीत विचारलं, कुणाला मराठीत. मशीन दोनदाच विचारून थांबलं तर सगळे सुटत होते. तिसऱ्यांदा विचारलं की सगळे बुडत होते. सुरभीनं सांगितलं की यात कुणाच्या स्वभावाचा प्रश्नच नाही. लॅबमध्ये ब्युरेटच्या काचनळीतून थेंब पडत राहतो, रंग बदलत नाही, बदलत नाही, आणि मग एका थेंबाला सगळं भांडं गुलाबी होतं, तसं आहे हे. या शहरात दोनदा नाही म्हणणं ही रीत आहे आणि तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा अपमान. आपण जेवायला बसलो की हेच करतो. पहिलं नाही कुणी ऐकतच नाही.

"मग बुडापेस्टचं मशीन किती वेळा विचारतं?" देवेंद्रनं विचारलं.

मितालीला फोन लावला. तिला सांगता येईना. ती नाही नाही करत बटणं दाबत जायची, मोजत नसे. सगळी मशीनं एकसारखी नसतात, एवढंच ती म्हणाली. तेव्हा तीनदा विचारेल असं धरूनच तयारी करायची ठरली.

शामचं मत पडलं की खोक्यासमोर सराव करून भागणार नाही, खऱ्या जगात नाही म्हणायला हवं. अंबिका दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या ठेल्यावर गेली आणि पोह्यांवर शेव नको म्हणाली. ठेलेवाल्यानं हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. बारीक चालेल का, त्यानं विचारलं. नको. मग वरून जीरावन मसाला तरी? तेही नको. त्यानं पोहे दिले, पैसे घेतले नाहीत आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. अंबिकानं पैसे ठेवले. हा तिचा पहिला विजय, आणि पोहे अगदी बेचव लागले.

खरी परीक्षा तुकोगंजात झाली. देवेंद्रची मामेबहीण अमिता हिच्याकडे दाल-बाफल्यांचं जेवण होतं. तुपात बुडवलेले कणकेचे बाफले झाले, लाडू आले. वाढणाऱ्या बाईनं लाडू पुढे केला, अंबिकानं नको म्हटलं. बाईनं हसून पुन्हा पुढे केला, अंबिकानं पानावर हात आडवा धरला. तिसऱ्यांदा स्वतः अमिता आली आणि तिनं लाडू थेट तोंडाशी नेला. अंबिका म्हणाली, "नको." आणि तोंड मिटून घेतलं.

पंगतीतले हात थांबले. पुढे काय करायचं, हे कुणाला माहीतच नव्हतं. तिसऱ्याच्या पुढे कुणी कधी गेलेलं नव्हतं. अमिता हातात लाडू घेऊन तशीच उभी राहिली, आणि शेवटी तो तिनं स्वतःच खाल्ला.

संध्याकाळपर्यंत बातमी परदेशीपुऱ्यातल्या नातेवाइकांपर्यंत गेली होती. काहींच्या मते अंबिकाची साखर वाढली होती. काहींच्या मते तिनं कुठल्यातरी गुरूकडून नेम घेतला होता. अमितानं देवेंद्रला फोन करून स्पष्टच विचारलं की आमचं काय चुकलं ते सांगा, म्हणजे माफी मागता येईल. देवेंद्रनं मशीनचं सांगितलं. ते तिला मुळीच पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप घेऊन बेबी मावशी डबा भरून लाडू घेऊन आली. ती म्हातारी बाई दारात उभी राहून रडवेली झाली तेव्हा अंबिकानं डबा घेतला आणि ओट्यापाशी उभ्यानंच दोन लाडू खाल्ले. देवेंद्र दारातून पाहत होता.

"मी तिकिटाचं पाहू का?" त्यानं विचारलं.

"रविवार होऊ द्या," अंबिका म्हणाली.

रविवारी सकाळी शेवटची परीक्षा होती. लोकांनी आपापल्या खुर्च्या आणल्या. कुणीतरी जिलबी आणली होती. शाम खोक्यात शिरणार तोच देवेंद्र म्हणाला की तुझा आवाज बसलाय, तू आराम कर, सुरभी आणि तू हिला बोलवायला जा, मी पाहतो मशीनचं. अंबिकाला घरातून बाहेर आणलं तेव्हा खोकं बंद होतं आणि शाम जिलबी खात होता. तिला नोटांच्या फटीतून गुडघ्याचा पट्टा दिसत होता.

तिनं कार्ड सरकवलं.

"रुपयांत हिशेब करून देऊ?" आवाज घोगरा काढलेला होता.

"नको."

"स्वस्तात करून देतो."

"नको."

मागे बसलेले लोक पुढे झुकले. खोक्यात स्टूल कुरकुरलं. मग आवाज एकदम खाली आला, तिलाच ऐकू जाईल इतका, आणि तो घोगरा राहिला नव्हता.

"मी येऊ का बरोबर?"

अंबिका खिडकीजवळ वाकली.

"मितालीनं मला एकदाच विचारलं," खोकं म्हणालं. "मी नाही म्हटलं आणि तिनं तिकीट काढून टाकलं. एकदाच विचारलं तिनं."

आता तिच्या लक्षात आलं. पेपरमागचं ते हसणं, ती अट, तिकिटाचं पाहू का असं दर दोन दिवसांनी विचारणं. पोरगी परदेशात राहून तिथली झाली होती. तिनं बापाचं पहिलं नाही ऐकून घेतलं होतं, ते खरं मानलं होतं. आणि हा माणूस इतके दिवस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत घरात फिरत होता. तिला त्याची इतकी दया आली की बरं हा शब्द जिभेवर येऊन उभा राहिला. मग तिला तो हौद दिसला, त्या वाफा, तो दगडी पट, आणि काठावर बसून घड्याळ बघणारा एक माणूस.

"नको," ती हळूच म्हणाली.

"गुडघा तसा काही फार दुखत नाही."

"नको."

"मी मागे नाही उभा राहणार. लांब बाकावर बसेन. चल म्हणणार नाही."

हे तिसरं होतं. एवढं मोठं वचन त्यानं लग्नातसुद्धा दिलं नव्हतं. अंबिकानं दोन्ही हातांनी खोक्याच्या कडा धरल्या. बाहेरच्यांना वाटलं, बाई चक्कर येऊन पडते आता.

"नको," ती म्हणाली. "या खेपेला नको."

खोक्यात स्टूल पुन्हा कुरकुरलं. मग फटीतून एक नोट बाहेर आली. कुणाच्यातरी लग्नपत्रिकेचा तुकडा होता तो, त्यावर फक्त "सहकुटुंब, सहपरिवार" एवढंच राहिलं होतं. मागोमाग बाकीच्या नोटा आल्या. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. देवेंद्र खोक्यातून वाकून बाहेर आला, गुडघा सरळ केला, आणि सगळ्यांना म्हणाला, "पास."

त्या संध्याकाळी त्यांनी पट मांडला नाही. बॅग भरायला त्यानं तिला मदत केली आणि तिला न विचारता शेवेची तीन पाकिटं आत टाकली.

बुडापेस्टला शेजारणीनं किल्ली दिली. अंबिका घरात शिरली तर टेबलावर एक पाकीट होतं. मितालीनं त्यात तिथल्या नोटा भरून ठेवल्या होत्या आणि वर लिहिलं होतं, आई, हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही कोण जाणे, मशीनच्या भानगडीत पडू नकोस. अंबिकानं नोटा पाहिल्या. पुरेशा होत्या, उरल्याही असत्या. तिनं पाकीट खणात ठेवलं, स्वेटर घातला आणि मशीन शोधायला बाहेर पडली.

बँकेच्या भिंतीतलं मशीन दोन चौक ओलांडल्यावर सापडलं. बँकेचं ठरावीक शुल्क कापलं जाणार होतं, अगदी विनाकारण, आणि हे तिला पूर्णपणे माहीत होतं. तिनं कार्ड घातलं, आकडा दाबला. मशीननं विचारलं, तुमच्या चलनात हिशेब करायचा का? तिनं नाही दाबलं आणि दोन्ही पाय घट्ट रोवून पुढच्यासाठी तयार झाली.

नोटा बाहेर आल्या. कार्ड आलं. पडद्यावर आभाराचे शब्द आले.

अंबिका तशीच उभी राहिली. मागे एक बाई थांबली होती, तिनं विनयानं खाकरून घेतलं. पडदा पुन्हा पहिल्यासारखा झाला, तरी अंबिका जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला यांनी एकदाच विचारलं होतं.

हौद मात्र फोटोतल्यासारखाच होता. पाणी गरम होतं, बाहेर दात वाजवणारी थंडी होती, आणि पटासमोर एक जाड मिशांचा म्हातारा एकटाच मोहरी मांडून उभा होता. त्यानं समोरच्या बाजूला हात केला. अंबिका पाण्यात उतरली आणि दुपारपर्यंत खेळत राहिली. मागून कुणी काही म्हणालं नाही.

तिथूनच, टॉवेल गुंडाळून कॉफी पिताना, तिनं घरी फोन लावला. तिकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. देवेंद्र स्वतः वरण लावत होता. त्यानं आधी मशीनचं विचारलं, मग शेव खाल्लीस का ते विचारलं, मग बुद्धिबळाचं.

"हरले," अंबिका म्हणाली.

"तू? मग बरोबरी नाही मागितली त्यानं?"

"मागितली. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितली, पुन्हा नाही म्हटलं. मग मीच चुकले आणि हरले."

"तिसऱ्यांदा घ्यायची ना."

"दोनदाच विचारलं हो त्यानं."

देवेंद्र हसायला लागला. शामलाही आतून बोलावून त्यानं ते सांगितलं, दोघं हसले. ते थांबेपर्यंत अंबिकानं कॉफीचा एक घोट घेतला.

"पुढच्या वर्षी तुम्ही याल?" तिनं विचारलं.

"छे, माझा गुडघा," देवेंद्र लगेच म्हणाला.

"गरम पाणी गुडघ्याला चांगलं असतं. इथे सगळे गुडघेवालेच दिसतात. या ना."

"नको गं. कशाला उगाच खर्च."

तो फोन ठेवत नव्हता. मागे कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता आणि तो काही गॅसकडे जात नव्हता, हे तिला इथून ऐकू येत होतं. हौदातला मिशावाला म्हातारा पट पुन्हा मांडत होता आणि तिच्याकडे बघून या वेळी पांढरी तुमची, अशी खूण करत होता. अंबिकानं कप खाली ठेवला, टॉवेल नीट लपेटला. तिसऱ्यांदा विचारायची तिला काही घाई नव्हती.